पाचव्या घराचं जोतं

घर बांधून तयार होतं, दाराला कुलूप होतं, कुलपाची किल्ली कुसाबाईच्याच कमरेच्या पिशवीत होती, आणि समोरच्या पत्र्याच्या खोपटात तिचा नवरा रंगनाथ मरायला टेकला होता. त्याला त्या घरात एकदा पाठ टेकायची होती. बस, एवढंच. खाटेसकट उचलून न्यायचं म्हटलं तरी विडी ओढून होण्याआधी माणसं परत आली असती. पण न्यायची बंदी होती. ही बंदी कुणी घातली, असं कोणी विचारलं असतं तर कुसाबाईनं आढेवेढे न घेता सांगितलं असतं, "मीच." कोणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना ते ठाऊकच होतं.

नांदगावच्या पुढे माळावर ग्रामपंचायतीनं घरांसाठी एक पट्टी मोकळी करून दिली, तेव्हा नाशिकची एक संस्था मदतीला आली. सामान संस्था देणार, एक मिस्त्री देणार, बाकी अंगमेहनत घरवाल्यांची. मात्र ज्याचं त्यानं बांधायचं, असं नाही. पाच कुटुंबं, पाच घरं; सगळ्यांनी मिळून एक उभं करायचं, मग दुसरं, मग तिसरं. संस्थेची तेजस्विनी मॅडम, पोरसवदा पण कळकळीची, लोकसहभाग, परस्पर सहकार्य असे शब्द घेऊन हे बराच वेळ समजावत राहिली. माणसं माना डोलवत राहिली. शेवटी रंगनाथचा पुतण्या ज्ञानेश म्हणाला, "म्हंजे सावड का, मॅडम?" तेव्हा कुठे सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मॅडमही हसली.

सावड या माणसांना कोण शिकवणार! कांद्याच्या लागणीला आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या, असं करतच त्यांचे हात वाकडे झालेले. पण कुसाबाईनं सावडीची दुसरी बाजूही पाहिली होती. ज्याचं वावर आधी उरकतं, त्याची दुसऱ्या दिवशी कंबर धरते. त्याच्या पुढच्याकडे पाहुणे येतात. आणि ज्याचा नंबर शेवटी, ती बाई आपलं एकटीच वाफ्यात बसून रोपं खोचत असते. एका सालात ती बाई कुसाबाई स्वतः होती, आणि ते ती विसरली नव्हती.

म्हणून त्या बैठकीत ती पदर खोचून उभी राहिली. "घर भेटलं की मानूस फिरकत नाय," ती म्हणाली. "पाची घरं व्हईपर्यंत कोनी आत जायचं नाय. ज्याचं झालं त्यानं कुलूप घालायचं आन दुसऱ्याच्या जोत्यावर यायचं. जायचं तर पाची जनं संगंच जाऊ."

मॅडमला हे फारच आवडलं. ती म्हणाली, "मावशी, हे मी लिहूनच घेते."

"लिवून काय व्हतं? लिवलेलं लय पाह्यलं," कुसाबाई म्हणाली. "भंडार उचला."

गावच्या खंडोबापुढे बेलाचं पान आणि हळदीचा भंडारा तळहातावर घेऊन दिलेला शब्द या भागात कोणी मोडत नाही. कोर्टात खोटं बोलणारा माणूससुद्धा बेलभंडार म्हटलं की दोनदा विचार करतो. पाची घरच्या नवरा-बायकोनं ओळीनं हात पुढे केले. पहिला हात कुसाबाईचा. मॅडमनं हौसेनं फोटो काढला. संस्थेच्या नियमात यातलं काही नव्हतं. हे जोखड या पाच घरांनी आपणहून मानेवर घेतलं.

मग कोणाचं घर आधी, याची बोलणी झाली. चार घरं एकाच भावकीची. रंगनाथ, त्याचा चुलतभाऊ यादव, पुतण्या ज्ञानेश, आणि ज्याला सगळे नानाच म्हणत तो म्हातारा भिमाजी. पाचवा बहिरू. तो नामपूरकडून खडीच्या क्रशरवर कामाला आला आणि इथेच राहिला. त्याची बायको सिंधुबाई कष्टाळू, अबोल. बोलणी सुरू होण्याआधीच बहिरू म्हणाला, "आमचं शेवटी धरा." कोणी नको म्हटलं नाही. कुसाबाईनंही नाही. बाहेरून आलेल्या माणसाला आपली जागा न सांगता कळते, आणि गावाला ते सोयीचंही पडतं.

दिवाळीनंतर काम लागलं. काय दिवस होते ते! सकाळी थंडीत बाया घमेली घेऊन हजर, लखन मिस्त्री ओळंबा सोडून भिंत पाहतोय, पुरुष माल कालवतायत, आणि विटांच्या ढिगावर शाल गुंडाळून बसलेला रंगनाथ सगळ्यांना टोमणे मारतोय. "लखन, भित सरळ हाय का तुझ्यासारखीच हाय?" लखन एका खांद्यानं झुकून चालायचा, तोसुद्धा हसायचा. रंगनाथला काम होत नव्हतं. सगळा जन्म क्रशरवर गेला आणि तिथली धूळ छातीत घर करून बसली. नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात महिनाभर ठेवून डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. मुलगा रोहित अंबडला कंपनीत होता, एका खोलीत चार पोरांबरोबर राहायचा. तो मान खाली घालून म्हणाला, "आई, घरी म्हणजे कुठं न्यायचं?"

खरंच, कुठे? लग्न झालं तेव्हा क्रशरच्या मालकानं दिलेला पत्रा. मग एका बागायतदाराच्या कांदाचाळीशेजारचं खोपट. मग इथलं. रंगनाथच्या डोक्यावर आजवर जे जे छप्पर आलं, त्यातून दिवसा ऊन आणि पावसाळ्यात पाणी आलंच आलं. आयुष्यभर त्यानं जी खडी फोडली, तिच्यावर कुणाकुणाचे बंगले उभे राहिले असतील, देव जाणे. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. कुसाबाईला मात्र वाटायचं, आणि राग यायचा.

त्यांचं घर तिसरं. स्लॅब पडला, पाणी मारून झालं, खाली शहाबादी फरशी बसली. त्या दिवशी रंगनाथ भिंतीला धरून धरून आत गेला, खाली बसला आणि फरशीवरून हात फिरवला. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. म्हणाला, "अगं, गार हाय. हिच्यावर एकदा पाठ टेकायची."

"टेका की, आपलीच हाय," कुसाबाई म्हणाली. "पाची होऊ द्या, मग टेका." आणि त्याला बाहेर आणून तिनं स्वतःच्या हातानं कुलूप घातलं. भिमाजीनानाच्या आणि ज्ञानेशच्या दारांना आधीच कुलपं लागली होती. तिलाही लावायलाच हवं होतं. लावताना तिला मोठा अभिमान वाटला, हेही सांगायला हवं.

चौथं घर यादवचं. त्याचा स्लॅब पडेपर्यंत होळी उलटली. उन्हाळा कांदा काढणीला आला, तिकडे मजुरी चांगली. टँकरचं पाणी कमी झालं. बहिरूच्या घराचं जोतं तेवढं भरून झालं आणि एका बाजूची भिंत खिडकीच्या खालपर्यंत आली. तिथे काम बसलं. आज ज्ञानेशचे सासरे आले. उद्या यादवच्या सुनेला चक्कर आली. लखन मिस्त्री म्हणाला, माणसं जमली की फोन करा, आणि दुसऱ्या कामाला गेला. भंडारा उचलला होता म्हणून कुलपं कोणी काढली नाहीत. पण भंडारा माणसाला दाराबाहेर थांबवू शकतो. दुसऱ्याच्या जोत्यावर ओढून आणू शकत नाही. हे कुसाबाईच्या ध्यानात आलं नव्हतं. शपथ घेताना तिनं दाराचं बोलून घेतलं, हातांचं बोलून घ्यायचं राहून गेलं.

चैत्रात ऊन असं पडलं की खोपटातल्या पत्र्याखाली उभं राहवेना. कुसाबाई पत्र्यावर ओलं पोतं टाकायची, ते बघता बघता वाळायचं. रंगनाथ खाटेवर पडून तोंड उघडं टाकून श्वास ओढायचा. बोलायला दम नव्हता, तरी जिभेचा तिखटपणा गेला नव्हता. एका दुपारी म्हणाला, "अगं ए, मला नेतीस का आत, का माझ्या फोटूला नेणार हायेस?"

कुसाबाई भांडी घासत होती. पातेल्यावर राख घेऊन इतकं घासलं, की त्याचं बूड पांढरं झालं.

रविवारी रोहित आला. बापाची अवस्था बघून त्याचा तोल गेला. "आई, किल्ली दे," तो म्हणाला. "मी उचलून नेतो. बघतो कोण काय बोलतं ते."

"भंडार उचललाय रे."

"तू उचललास. बाबांचा जीव चाललाय आणि तू भंडाऱ्याचं काय घेऊन बसलीस?"

त्याच दिवशी तेजस्विनी मॅडम काम पाहायला आली होती. तिनं खोपटात डोकावून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "मावशी, आमच्या संस्थेची अशी काही अटच नाही," ती म्हणाली. "तुमचं घर तुमच्या नावावर झालंय. आत्ता उघडा. माझ्यासमोर उघडा." कुसाबाईनं तिला चहा दिला आणि म्हणाली, "मॅडम, तुमची अट असती तर मी कवाच मोडली असती."

संध्याकाळी यादव आला. खाटेजवळ बसला, रंगनाथचे पाय दाबले. मग कुसाबाईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, भंडार सोडवता येतो. पाची घरांनी हो म्हनायचं, देवापुढं नारळ फोडायचा, हात जोडायचे. आमचं चौघांचं हो समजा. फकस्त बहिरूला विचारा."

यादव मनानं वाईट नव्हता. भावाबद्दल त्याला खरंच वाईट वाटत होतं. पण त्याच्या सुनेनं पडद्याचं कापडही आणून ठेवलं होतं, हे कुसाबाईला माहीत होतं. एक दार उघडलं की चारही उघडणार, हे तिला यादवच्या तोंडावर दिसत होतं. तरी ती उठली. तिनं ठरवलं होतं, बहिरू हो म्हणाला की आत्ताच्या आत्ता न्यायचं. लोकांचं लोक बघतील.

बहिरू क्रशरवरून आला नव्हता. सिंधुबाई चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. त्यांचं खोपट सगळ्यांत खाली, नाल्याच्या अंगाला. मागच्या पावसाळ्यात पाणी शिरून त्यांचं धान्य गेलं होतं, मुलगी तापानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा याच कुसाबाईनं त्या पोरीला आपल्याकडे आणून निजवलं होतं. सिंधुबाईनं बसायला गोणपाट दिलं. कुसाबाईनं जे सांगायचं ते सांगितलं.

सिंधुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "न्या मावशी," ती म्हणाली. "मी नाय कशी म्हनू? तात्यांचा जीव हाय."

कुसाबाई उठायला लागली.

"फकस्त एक सांगते, मावशी," सिंधुबाई खाली बघूनच म्हणाली. "तुमी आत गेल्या की यादवभाऊ जातील. मग ज्ञानेश, मग नाना. त्यांचं चुकीचं नाय. कोन ह्या उन्हात भाहीर ऱ्हाईल? पन मंग माझ्या जोत्यावर कोन येईल? आमी तर भावकीतले बी नाय. त्यो भंडार हाय तवर आमी तुमच्यात हाये. पानी तर यंदा बी येनारच." तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं काढली नाही.

कुसाबाई पुन्हा बसली. तिला या बाईचा भयंकर राग आला. नको म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिला चार शिव्या देऊन घर उघडता आलं असतं. हिनं न्या म्हटलं आणि न्यायची वाटच बंद केली. वर, ती जे बोलली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कुसाबाईनं जे बैठकीत उभं राहून सांगितलं होतं, तेच ही बाई चुलीपुढे बसून सांगत होती.

"उद्यापासून तुझी भित उचलू," कुसाबाई म्हणाली. "मी सगळ्यांना आनते. भिती झाल्या की पत्रे टाकू, स्लॅब मागून पडंल. पत्रे पडले की घर झालं म्हनायचं. चार-आठ दिसांत व्हईल." बोलताना तिला ते खरंच होईलसं वाटत होतं.

परत आल्यावर रंगनाथनं नुसत्या भुवया उडवून विचारलं, काय झालं?

"थोडं थांबा," ती म्हणाली. "बहिरूच्या भिती झाल्या की नेते. देवाशप्पत नेते."

रंगनाथनं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुझा सोभाव मला लग्नातच कळला व्हता. अंतरपाट धरनाऱ्याला म्हनलीस, नीट धर." त्याला हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला. खोकला थांबेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली. तो चिडला असता, रडला असता, तर तिनं त्याच पावली कुलूप काढलं असतं, असं तिला पुढे कितीतरी वेळा वाटलं. पण तो आयुष्यात कधी कुणाकडे हट्ट धरून बसला नव्हता, आणि मरतानाही त्याला ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं घरोघर जाऊन माणसं उठवली. यादवच्या सुनेला पडद्यावरून ऐकवलं, ज्ञानेशला कानाला धरून आणावं तसं आणलं, लखनला फोन करून त्याच्या आईची आण घातली. माणसं आली. रंगनाथतात्यासाठी म्हणून आली. त्या दिवशी काम झकास झालं, भिंत खिडकीच्या वर गेली. त्याच्या पुढच्या दिवशी निम्मी आली. तिसऱ्या दिवशी लखन, बहिरू-सिंधुबाई, ज्ञानेश आणि कुसाबाई. ऊन चढलं तसा ज्ञानेशही, "काकू, जरा येतो," म्हणून गेला. कुसाबाई साठीची बाई, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर मालाचं घमेलं घेऊन जोत्याच्या पायऱ्या चढत-उतरत होती. सिंधुबाई म्हणाली, "मावशी, तुमी जावा तात्यांजवळ." ती म्हणाली, "ह्यो थर होऊ दे."

त्या थरातच भिमाजीनानाची नात पळत आली. तिनं काही सांगायच्या आधीच कुसाबाईला कळलं. तिनं घमेलं खाली ठेवलं, म्हणजे ठेवलं असं तिला वाटलं. माल सगळा तिच्या लुगड्यावर सांडला होता. खोपटात पोचली तेव्हा रंगनाथ खाटेवर कुशीला वळलेला होता. पाण्याचा तांब्या लवंडला होता. ओलं पोतं वाळून कडक झालं होतं. त्याच्या घशाला शेवटी कोरड पडली असेल, त्यानं हाक मारली असेल, या विचारापाशी ती जी थांबली, ती कायमची थांबली. दुसऱ्याची भिंत बांधत होते आणि माझा माणूस पाण्यावाचून गेला. बायांनी तिला धरलं, तशी ती ओरडून म्हणाली, "मला नका धरू गं, त्याला धरा, त्याला आत न्या!"

पण आता कोण नेणार? ज्या घराची वास्तुशांत झाली नाही, ज्यात एक दिवा लागला नाही, त्यात प्रेत कसं न्यायचं? यादवनं समजावलं, नानानं समजावलं. रोहित दुपार कलल्यावर पोचला. तो आईशी एक शब्द बोलला नाही. तिरडी खोपटाच्या दारातूनच उठली आणि नव्या घराच्या ओट्यासमोरून पुढे गेली.

भावकीला सुतक लागलं. चारही घरं सुतकात, म्हणजे काम बंद. बहिरूला सुतक नव्हतं, पण एकट्यानं काय बांधणार? लखन मिस्त्री दोन दिवस वाट बघून वणीकडे कुणाच्या तरी बंगल्याच्या कामावर निघून गेला. जिथे माणूस गेला तिथेच दिवा ठेवायचा, म्हणून कुसाबाई खोपटातच दिव्याजवळ बसून राहिली. वारा आला की दोन्ही हात आडवे धरायची.

दहाव्याला सगळे नदीवर गेले. नदी कसली, वाळू आणि मध्ये एक डबकं. पिंड ठेवला आणि माणसं मागे सरली. यादव पुढे होऊन काहीतरी शब्द देण्याच्या तयारीत होता, पण कावळा लगेच आला आणि शिवूनही गेला. सगळ्यांना हायसं वाटलं. कुसाबाईला नाही. तिला मनातून वाटत होतं, त्यानं अडून बसावं, सगळ्या गावाला उन्हात ताटकळत ठेवावं, निदान आता तरी आपल्याला हवं ते मागून घ्यावं. पण कोणाला ताटकळत ठेवणं रंगनाथच्या स्वभावातच नव्हतं.

बाया तिला घेऊन परतीच्या वाटेला लागल्या, तेव्हा यादव तिच्या बरोबरीनं चालू लागला. घसा खाकरून म्हणाला, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पन एक इचार आला. पयला भंडार कोनी उचलला? तुमी. आन मानूस गेला तो बी तुमच्याच घरचा. देवानं त्याचं काय घ्यायचं ते घेतलं. नानाचं बी तेच म्हननं हाय. भंडार फिटला आता."

कुसाबाई जागच्या जागी उभी राहिली. "माझा मानूस भंडाऱ्यात गेला का रं, यादव?"

"तसं नाय, वहिनी..."

"मंग कसं?"

असं होत नसतं, यादवचं चुकतंय, असं कोणीच म्हणालं नाही. तिनं ज्ञानेशकडे पाहिलं, तर त्यानं चप्पल नीट करायला मान खाली घातली. मागे काही अंतरावर बहिरू चालत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो तसाच मधल्या पायवाटेनं क्रशरकडे वळला.

तेरावं झाल्याबरोबर यादवच्या दाराला तोरण लागलं. मग ज्ञानेशच्या, मग नानाच्या. कुणी मोठा गाजावाजा केला नाही. दुखवट्याचं भान सगळ्यांना होतं. पडदे लागले, गॅसच्या शेगड्या आल्या, ओट्यावर तुळशी आल्या. तेजस्विनी मॅडम येऊन गेली. तिनं बैठक घेतली, पाचवं घर सगळ्यांचं आहे म्हणाली, सगळे हो म्हणाले. यादव तर सगळ्यांत आधी हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात मॅडमला दुसऱ्या गावचं काम लागलं. बहिरूच्या जोत्याजवळ विटा रचून ठेवल्या होत्या, त्यातल्या थोड्या यादवनं ओट्यासाठी नेल्या. मागून देतो म्हणाला. मग थोड्या ज्ञानेशनं नेल्या. अर्धी भिंत उन्हात तशीच उभी राहिली, आणि पोरं तिच्यावर चढून खेळू लागली.

कुसाबाईनं सुरुवातीला हातपाय मारले. यादवच्या दारात जाऊन भांडली. "भंडार फिटला म्हंजे लाज बी फिटली का?" असं तिनं चारचौघांत विचारलं. यादव हात जोडून म्हणाला, "वहिनी, पाऊस होऊ द्या, मग बघू." नवरा गेल्यानं हिचं चित्त ठिकाणावर नाही, असं बाया म्हणू लागल्या आणि तिच्या बोलण्यावर मायेनं माना डोलवू लागल्या. त्या मायेपुढे तिचं काही चालेना. एके दिवशी ती एकटीच जोत्यावर गेली आणि घमेल्यात सिमेंट ओतायला लागली, तर उघड्यावर पडलेल्या त्या पोत्याचा दगड झाला होता.

वळवाचे ढग यायला लागले तशी ज्यांची घरं झाली त्यांची खोपटं ग्रामपंचायतीनं काढायला सांगितली. रोहित दोन दिवसांची सुट्टी काढून आला. त्यानं न बोलता पत्रे उतरवले, बापाची खाट, डबे, भांडी नव्या घरात नेऊन ठेवली आणि दारात उभा राहून म्हणाला, "आई, आता तरी चल." बापाच्या मरणानंतरचं आईशी हे त्याचं पहिलं बोलणं. ती उठली. नाही म्हणायला तिच्याजवळ आता काही उरलं नव्हतं, आणि खोपटही उरलं नव्हतं. आत गेली, फरशीवर बसली. फरशी खरंच गार होती. तिनं तिच्यावर पाठ टेकली नाही. भिंतीला टेकून बसून राहिली.

रोहित संध्याकाळच्या गाडीनं गेल्यावर दारात सिंधुबाई आली. फडक्यात भाकरी आणि वाटीत पिठलं. नवीन घरात पहिल्या दिवशी चूल पेटवायची की नाही, हे दुखवट्याच्या बाईला सुचत नाही, म्हणून तिनं आणलं होतं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"आत ये की," कुसाबाई म्हणाली.

"नको मावशी, पाय मातीचे हायेत." तिनं भाकरी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि डोळ्यांनीच घर पाहून घेतलं. भिंती, स्लॅब, खिडकी. त्यातल्या बऱ्याच विटा तिच्या डोक्यावरून आल्या होत्या. "चांगलं झालंय," ती म्हणाली. "गळायचं नाय."

मग जायला वळली आणि पुन्हा थांबली.

"मावशी, त्या दिशी तात्यांना आत न्यायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "मी उगं बोलले. माझं तर तसं बी नव्हतंच व्हनार. त्यांचं तरी झालं असतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रडूही नव्हतं. बाजाराला जायला उशीर झाला असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं. कुसाबाईला वाटलं, हिनं आपल्याला शिव्या द्याव्यात, दारात बसून छाती बडवावी, तुझ्या भंडाऱ्याचं वाटोळं होवो म्हणावं. पण ती पदर डोक्यावर ओढून नाल्याच्या अंगाला उतरून गेली, कारण आभाळ भरून आलं होतं आणि तिला खोपटातलं धान्य उंचावर बांधून ठेवायचं होतं.